उकिरड्यावरून उडून जाणारे नत्र

सकाळी गोठ्याची झाडलोट करताना डोळे चुरचुरतील असा उग्र वास पुष्कळदा येतो व तो नेहमीचाच म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः तो अमोनिया वायूचा वास असून पिकास लागणारे नत्रच त्याच्या रूपाने हवेत निघून जात असते. चांगल्या शेणखतात शेकडा सुमारे अर्धा भाग नत्र असते. म्हणजे ४ टन खतात सुमारे २० किलो, युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत असते जवळजवळ तितके. हेळसांड झालेल्या उकिरड्यातून यातील बराच भाग उडून जातो आणि मग तोच बाजारातून विकत आणावा लागतो.

हा वायू मुख्यत्वे मूत्रातून येतो. मूत्रातील युरियाचा शेणातील जंतूंशी संबंध आला की काही तासांतच अमोनिया बनू लागतो. ऊन, वारा व क्षार यांमुळे तो लवकर सुटतो. चुलीची राख ताज्या शेणावर ओतण्याची चाल या दृष्टीने चांगली नव्हे. जनावरांखाली वीतभर भुसभुशीत माती पसरावी, ती मूत्राने भिजली की उकरून खड्ड्यात घालावी व नवी टाकावी. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसविलेल्या आणि यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीत अशा मातीस मोठे महत्त्व होते.

काडीकचऱ्याचे कामही तितकेच मोलाचे आहे. १ भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब मिळाला तर जंतू ते नत्र आपल्या शरीरात बांधून ठेवतात. शेणात कर्बाचे प्रमाण याहून कमी व मूत्रात फारच कमी असते. ज्वारीची धसकटे, उसाचे पाचट, वाळलेला पाला यांत ते विपुल असते. नुसत्या शेणाचा ढीग घालणे म्हणूनच तोट्याचे.

दुसरा वायू मिथेन. यास वास नसल्याने त्याचा सुगावा लागत नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडली की तो तयार होतो. गोबरगॅस संयंत्रात हाच वायू चुलीस उपयोगी पडतो. उघड्या खड्ड्यातून मात्र वाया जातो आणि वजनास वजन धरता १०० वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे २७ पट उष्णता वातावरणात धरून ठेवतो. कोठे ओला, कोठे कोरडा अशा ढिगातून थोडा नायट्रस ऑक्साइडही सुटतो. त्याचा परिणाम सुमारे २७३ पट आहे.

येथे एक अडचण आहे. हवा मिळावी म्हणून ढीग वारंवार उलथला तर अमोनिया सुटतो आणि मुळीच न उलथला तर मिथेन. यास्तव ढीग उंचवट्यावर, सावलीत रचावा, शेण व काडीकचरा यांचे थर आलटून पालटून द्यावेत आणि तीन महिन्यांत दोन-तीन वेळाच उलथून लगेच मातीचा पातळ थर द्यावा. मुठीत दाबले असता हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, इतकाच ओलावा असावा. पावसाळ्यात वर पाचटाचे छप्पर करावे व भोवती चर काढावा.

खत शेतात नेल्यावरही नुकसान थांबत नाही. उन्हाळ्यात गाड्यांनी वाहिलेल्या खताचे लहान लहान ढीग पाऊस येईपर्यंत उन्हात पडलेले सर्वत्र दिसतात. खत अर्धकच्चे असेल तर त्यातील अमोनिया तेथेच उडून जातो. जेवढे खत त्या दिवशी पसरून वखराने मातीत मिसळता येईल, तेवढ्याच गाड्या त्या दिवशी वाहाव्यात.