पैसे परत मिळण्याची रांग

मीरा रोड-भाईंदरच्या ज्या घरांतली बचत सहकारी बँकांत असते, तिथे पीएमसी बँकेचे नाव अजून विसरलेले नाही. 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध लादले आणि सुरुवातीला खातेदाराला काढता येणारी रक्कम ठरली फक्त 1,000 रुपये. पुढे ती 10,000, 25,000, 40,000 अशी वाढत गेली. मर्यादा सगळ्यांना सारखीच होती. तरीही ती अन्यायाची वाटली, कारण ठेव ठेवताना असे काही होईल याची कल्पना नव्हती आणि उरलेली रक्कम कधी हाती येईल हे कोणीच सांगत नव्हते.

इथेरियम या ब्लॉकचेनवरही पैसे काढायला रांग आहे, पण तिचे नियम आधीच उघड लिहिलेले आहेत. तिथे व्यवहार तपासणाऱ्याला व्हॅलिडेटर म्हणतात. तो किमान 32 ईथर (इथेरियमचे चलन) तारण ठेवतो. खोटेपणा सापडला की तारणातून दंड कापला जातो. आता समजा, एक तृतीयांशाहून जास्त तारण असलेल्यांनी परस्परविरोधी नोंदींवर सह्या केल्या आणि लगेच तारण काढून पोबारा केला, तर दंड करायचा कोणाला? रांग आहे ती यासाठी.

बाहेर पडू इच्छिणारा आधी सही करून तसा संदेश पाठवतो. हा संदेश मागे घेता येत नाही, म्हणून ‘असू दे, नंबर लावून ठेवू’ असे करून जागा अडवता येत नाही. रांगेत असेपर्यंत त्याला काम करावेच लागते. मोबदला मिळतो आणि दंडाची टांगती तलवारही राहते. साधारण 6.4 मिनिटांच्या एका टप्प्याला इपॉक म्हणतात. मे 2025 मध्ये इथेरियममध्ये झालेल्या पेक्ट्रा बदलानंतर एका इपॉकमध्ये जास्तीत जास्त 256 ईथर बाहेर पडू शकतात, म्हणजे दिवसाला 57,600. नंबर आल्यावरही सुमारे 27 तास थांबावे लागते, एखादा पुरावा उशिरा आला तर तो वाया जाऊ नये म्हणून. मग रक्कम आधी नोंदवलेल्या पत्त्यावर आपोआप जमा होते.

हे सारे मला पटते. पण सप्टेंबर 2025 मध्ये व्हॅलिडेटर चालवणाऱ्या किल्न या मोठ्या कंपनीने सुरक्षेसाठी आपले सगळे व्हॅलिडेटर बाहेर काढायला घेतले आणि रांग सुमारे 25 लाख ईथरपर्यंत गेली. वरच्या हिशोबाने ती संपायला 43 दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी रांगेत आलेल्या 32 ईथरवाल्यालाही तेवढेच थांबणे आले. आधी येईल तो आधी, हा नियम पाळला गेला, तरी एकाच्या निर्णयाचा भार अनेक लहानांवर पडला.

जादा शुल्क भरून पुढे जाऊ द्यावे, असा उपाय सुचतो. मला तो घातक वाटतो, कारण संकटात सर्वांत श्रीमंत सर्वांत आधी निसटेल आणि जोखीम मागे उरलेल्यांच्या गळ्यात पडेल. ईआयपी-7922 या प्रस्तावाची दिशा मला अधिक योग्य वाटते. सुरक्षेला धोका असतो तो थोड्या काळात खूप तारण निघून जाण्याचा. प्रत्येक इपॉक वेगळा मोजायची गरज नाही. मागचे काही आठवडे रांग रिकामी असेल, तर न वापरलेली क्षमता शिल्लक धरून गर्दीच्या वेळी दार अधिक उघडता येते. त्या आठवड्यांची एकूण मर्यादा मात्र ओलांडली जात नाही.