३४ कोटींत एक!

न्यायाधीश पुराव्यावर निकाल देतात, हे खरे. पण पुरावा कशाला म्हणायचे, हे ठरवणारा मेंदू त्यांचाही तुमच्या-आमच्यासारखाच असतो. नेदरलँड्समधील परिचारिका ल्युसिया द बर्क यांचा खटला पाहा. तिथे ज्युरी नसते. निकाल न्यायाधीशच देतात.

२००१ मध्ये हेगमधील बालरुग्णालयात एक तान्हे बाळ अचानक दगावले. संशय ल्युसिया यांच्यावर गेला आणि जुनी कागदपत्रे उकरली गेली. त्यांच्या पाळीतले, पूर्वी नैसर्गिक म्हणून नोंदलेले मृत्यूही आता संशयास्पद ठरले. इतरांच्या पाळीतल्या घटना तितक्या बारकाईने कोणी तपासल्या नाहीत. मग हिशेब मांडला गेला: एकाच परिचारिकेच्या वाट्याला योगायोगाने इतक्या घटना येण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक! म्हणजे ती हजर होती म्हणून घटना संशयास्पद, आणि संशयास्पद घटनेच्या वेळी ती नेमकी हजर कशी, असा उलटा प्रश्न.

समजा, आकडा बरोबर असता, तरी तो निर्दोष असण्याची शक्यता सांगत नाही. लॉटरीचे पहिले बक्षीस लागण्याची शक्यता कोटीत एक असते. म्हणून ज्याला ते लागले त्याने लबाडीच केली, असे आपण म्हणतो का?

२००३ मध्ये जन्मठेप झाली. अपिलात न्यायालयाने आकडेवारीचा आधार घेत नसल्याचे सांगितले, पण एक-दोन खून सिद्ध मानले की उरलेल्यांना कमी पुरावा चालेल, असा तर्क लावला. रोजनिशीत ल्युसिया यांनी एका अनावर ओढीबद्दल लिहिले होते. ती टॅरो पत्त्यांची, असे त्या सांगत राहिल्या. न्यायालयाला त्यात खून दिसला. मनात एक समजूत बसली की तिला पूरक तेवढेच दिसते. मानसशास्त्रात याला पुष्टीकरणाचा पूर्वग्रह म्हणतात. काविळीच्या डोळ्यांची म्हण आपल्याकडे जुनीच आहे.

सगळ्यात साधी मोजणी मात्र राहून गेली. ल्युसिया त्या विभागात येण्याआधीच्या तीन वर्षांत तिथे सात मृत्यू झाले होते. त्या असतानाच्या तीन वर्षांत सहा. खुनी आल्यावर मृत्यू घटले?

पुढे संख्याशास्त्रज्ञांनी नव्याने गणित केले, तेव्हा ३४ कोटींचा आकडा २६ वर आला. टॉन डेर्क्सन या तत्त्वज्ञाने निकालातील तर्क एकेक करून तपासला आणि खटला पुन्हा उघडला गेला. एप्रिल २०१० मध्ये त्या निर्दोष सुटल्या. तोवर सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता, आणि तिथेच २००६ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटकाही येऊन गेला होता.