विरळ हवा, डोंगराचा चढ आणि खेळाडू

समुद्रसपाटीपासून उंच असलेल्या ठिकाणी सराव केल्याने खेळाडूचा दम वाढतो, ही कल्पना आता सर्वत्र परिचित झाली आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांत तिला एक स्थानिक रूप प्राप्त झाले आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर किंवा यवतेश्वरच्या घाटात काही आठवडे घालविले म्हणजे विरळ हवेची सवय होते आणि सपाटीवर उतरल्यावर त्याचा लाभ मिळतो, असे पुष्कळदा बोलले जाते. या समजुतीत एक सत्य आणि एक गफलत अशी दोन्ही एकत्र आली आहेत. उंचीचा शरीरावर परिणाम होतो, हे सत्य होय. परंतु डोंगराचा चढ आणि ठिकाणाची उंची या दोन भिन्न गोष्टींना एकच मानणे, ही गफलत होय. मुष्टियोद्धे, मल्ल आणि धावपटू यांच्या उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. उंचीवर नेमके काय कमी होते?

उंच ठिकाणी हवेतील प्राणवायूचे शेकडा प्रमाण कमी होते, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः ते प्रमाण सांगलीत, महाबळेश्वरात आणि लेहमध्ये सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा एकूण दाब, आणि त्याबरोबर प्राणवायूचा अंशदाब. समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो. सुमारे ५५० मीटर उंचीवरील सांगलीत तो अदमासे ७१०, सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात अदमासे ६४५, तर २,२४० मीटर उंचीवरील मेक्सिको शहरात अदमासे ५८० भरतो. श्वासमार्गातील बाष्पाचा दाब वजा केल्यास, आत घेतलेल्या हवेतील प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीवर १४९, सांगलीत सुमारे १३९, महाबळेश्वरात १२५ आणि मेक्सिकोत ११२ मिलिमीटर येतो.

हे आकडे क्रमाने उतरत असले, तरी रक्तातील प्राणवायू त्याच प्रमाणात उतरत नाही. हीमोग्लोबिनचा प्राणवायूशी होणारा संयोग वक्ररेषेने दाखविला जातो आणि त्या रेषेचा वरचा भाग जवळजवळ सपाट असतो. म्हणून महाबळेश्वरी विश्रांत अवस्थेतील निरोगी मनुष्याचे रक्त प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेलेच राहते. २,००० मीटरच्या पुढे मात्र ती रेषा उताराला लागते. मग थोड्या अधिक उंचीनेही मोठी तूट पडते आणि कठोर श्रमाच्या वेळी ती विशेष जाणवते. प्राणवायू ग्रहण करण्याची खेळाडूची कमाल क्षमता स्थूलमानाने दर हजार मीटरला ६ ते ७ टक्क्यांनी घटते. उत्तम तयारीच्या खेळाडूंत ही घट सामान्य माणसापेक्षा कमी उंचीवर सुरू होते. कारण त्यांच्या हृदयातून रक्त इतक्या वेगाने वाहते की फुप्फुसांत प्राणवायू भरून घेण्यास त्याला अपुरा अवधी मिळतो.

२. मुष्टियोद्ध्याची विश्रांती

या भागाची कीर्ती मुख्यतः कुस्तीसाठी असली, तरी मुष्टियुद्ध येथे अपरिचित नाही. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात जायबंदी झाल्यानंतर त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले.

मुष्टियुद्धात ३ मिनिटांची फेरी आणि १ मिनिटाची विश्रांती असा क्रम असतो. एकेका ठोशासाठी लागणारी शक्ती स्नायूंत आधीच साठविलेल्या फॉस्फोक्रिएटिनपासून मिळते. तिला त्या क्षणी प्राणवायू लागत नाही. म्हणून उंचीवर पोहोचलेल्या मुष्टियोद्ध्याचा पहिला ठोसा सपाटीवरील ठोशाइतकाच जोरकस असतो आणि पहिल्या फेरीत आपले काही बिघडले आहे, असे त्याला वाटतही नाही. परंतु खर्च झालेले फॉस्फोक्रिएटिन पुन्हा भरून काढण्याचे कार्य प्राणवायूवाचून होत नाही. विरळ हवेत ही भरपाई मंदावते. एका मिनिटाच्या विश्रांतीत पूर्वी जितके भरून येत असे, तितके येत नाही. परिणामी तिसऱ्या फेरीत हात जड होतात, बचाव खाली येतो आणि पायांची चपळाई हरपते. उंची प्रथम खेळाडूची विश्रांती हिरावून घेते, आणि बळ त्यामागून जाते.

विश्रांतीचे हे मोल मल्लांना वेगळे सांगावयास नको. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. तेथे दोन कठीण कुस्त्यांच्या मध्ये त्यांना पुरेशी विसावा-वेळ मिळाली नाही, असे नेहमी सांगितले जाते. हेलसिंकी समुद्रकाठी आहे. तेथे उंचीचा प्रश्न नव्हता. पण विश्रांती तुटली म्हणजे समर्थ मल्लावरही कोणता प्रसंग येतो, हे त्यावरून समजते. विरळ हवेत घड्याळातील विश्रांती पूर्ण मिळूनही शरीराला ती अपुरीच पडते.

वजनगटांत लढणाऱ्या खेळाडूंना आणखी एक धोका संभवतो. उंचीवर पहिल्या काही दिवसांत श्वसन वाढते, हवा कोरडी असते आणि लघवीचे प्रमाणही वाढते. त्यामुळे रक्तातील द्रवभाग घटतो. वजन उतरविण्यासाठी ज्याने आधीच पाणी तोडले आहे, त्याची स्थिती अशा वेळी दुहेरी बिकट होते. पहिल्या रात्रींत झोपही खंडित होते.

३. मेक्सिकोचा धडा

१९६८ ची ऑलिंपिक स्पर्धा मेक्सिको शहरी भरली आणि उंचीचा प्रश्न सर्व जगापुढे आला. बॉब बीमनने ८.९० मीटरची लांब उडी मारून पूर्वीचा ८.३५ मीटरचा उच्चांक फार मागे टाकला. हवेचा विरोध कमी असल्याने थोडक्या वेळाच्या स्पर्धांना तेथे साहाय्य झाले. उलट १०,००० मीटरची शर्यत केनियाच्या नफ्ताली तेमूने २९ मिनिटे २७.४ सेकंदांत जिंकली. ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने १९६५ मध्ये हेच अंतर २७ मिनिटे ३९.४ सेकंदांत तोडले होते. मेक्सिकोत तोच क्लार्क शर्यतीच्या अखेरीस कोसळला.

मुष्टियुद्धात यजमान मेक्सिकोने २ सुवर्णपदके मिळविली. याचे श्रेय सरसकट उंचीला देण्याचा मोह होतो. पण त्यांपैकी अँटोनिओ रोल्दानची अंतिम लढत प्रतिस्पर्धी अपात्र ठरल्याने निकालात निघाली होती, आणि सर्वांत जड गटाचे सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉर्ज फोरमनने नेले. उंचीवर राहणाऱ्याला सवयीचा लाभ होतो, हे खरे. तथापि कौशल्याची उणीव त्या लाभाने भरून निघत नाही.

४. शरीराची जुळवणूक

उंचीवर पोहोचल्यानंतर काही तासांतच मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे द्रव्य अधिक प्रमाणात स्रवू लागतात आणि ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी निर्माण करण्यास प्रवृत्त करते. परंतु पेशींची खरी वाढ होण्यास ३ ते ४ आठवडे लागतात आणि त्यासाठी साधारणतः २,००० ते २,५०० मीटर उंचीवर राहावे लागते. शरीरात लोहाचा साठा पुरेसा नसेल, तर ही वाढ होत नाही. महिला खेळाडूंच्या बाबतीत शिबिरापूर्वीच लोहाची तपासणी करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

येथे एक अडचण उत्पन्न होते. उंचीवर राहिल्याने रक्त सुधारते, पण तेथे पूर्ण वेगाने सराव करता येत नाही. त्यामुळे स्नायूंची तयारी खालावते. लेव्हिन व स्ट्रे-गंडरसन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात यावर एक मार्ग दिसून आला. २,५०० मीटरवर राहून १,२५० मीटरवर सराव करणाऱ्या धावपटूंची ५,००० मीटरची वेळ सरासरी सुमारे १३ सेकंदांनी सुधारली. उंचीवर राहावे आणि खाली उतरून सराव करावा, हे सूत्र तेव्हापासून मान्य झाले.

५. सह्याद्रीची मर्यादा आणि उपयोग

या सूत्राच्या कसोटीवर सह्याद्री कोठे उतरतो? महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे तांबड्या पेशी वाढविण्यास आवश्यक असलेली उंची राज्यात कोठेही उपलब्ध नाही. पाचगणी व महाबळेश्वर यांची उंची त्या संशोधनातील सरावाच्या ठिकाणाइतकी आहे, निवासाच्या ठिकाणाइतकी नाही. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ मध्ये रिओ येथे ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला. त्यांचा सराव उटी येथे चालत असे. उटीची उंची मेक्सिको शहराइतकीच, सुमारे २,२४० मीटर आहे. त्यांच्या यशातील उंचीचा वाटा वेगळा काढून दाखविता येणार नाही. पण सातारा जिल्ह्यात डोंगर असूनही एवढ्या दूर का जावे लागते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

मग घाटात धावताना छाती का भरून येते? त्याचे कारण चढ हे होय. ६० किलो वजनाचा धावपटू साताऱ्याहून ५०० मीटर उंच चढला, तर केवळ स्वतःचे वजन उचलण्यासाठी त्याला सुमारे ७० किलोकॅलरी यांत्रिक कार्य करावे लागते. स्नायूंची कार्यक्षमता पाव हिश्शाची धरल्यास प्रत्यक्ष खर्च सुमारे २८० किलोकॅलरींचा होतो. हा भार समुद्रकाठच्या टेकडीवरही तितकाच पडला असता. त्याने मांड्या, पोटऱ्या आणि हृदय बळकट होते. रक्तातील पेशी मात्र वाढत नाहीत. २०१२ पासून साताऱ्यात होणारी डोंगरी अर्धमॅरेथॉन ही मुख्यतः चढाची परीक्षा आहे, विरळ हवेची नव्हे.

महाबळेश्वरचा एक नेमका उपयोग मात्र सांगता येतो. काठमांडूची उंची सुमारे १,४०० मीटर आहे आणि २०१९ मध्ये दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा तेथे झाल्या. अशा ठिकाणी जाणाऱ्या सांगलीच्या मुष्टियोद्ध्याने १०-१२ दिवस महाबळेश्वरी फेऱ्यांचा सराव केल्यास वेग कसा राखावा आणि विश्रांतीत श्वास कसा सावरावा, याची रंगीत तालीम त्याला होऊ शकते. स्पर्धा २,००० मीटरहून उंच ठिकाणी असेल, तर २ ते ३ आठवडे आधी तेथे पोहोचणे श्रेयस्कर. ते शक्य नसल्यास, मध्यम उंचीवर स्पर्धेच्या अगदी आदल्या दिवशी जाणे, हा पर्याय पुष्कळ प्रशिक्षक स्वीकारतात. ३,५०० मीटर उंचीवरील लेहसारख्या ठिकाणी मात्र तो धोक्याचा आहे. तेथे भारतीय सैन्यही जवानांना कामाला लावण्यापूर्वी ६ दिवस सवयीसाठी देते.

सारांश, शिबिराचे ठिकाण ठरविताना प्रथम उद्देश निश्चित व्हावयास हवा. पायांचे बळ व थंड हवेतील दीर्घ सराव हवा असेल, तर साताऱ्याचे घाट उत्तम आहेत आणि त्यांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती वाढवावयाची असेल, तर उटी किंवा हिमाचल प्रदेशातील शिलारू येथे ३ ते ४ आठवडे राहण्याचा खर्च उचलावा लागेल. सामान्य कुटुंबातून आलेल्या खेळाडूच्या हाती वर्षातून एखाद्याच शिबिरापुरता पैसा आणि वेळ असतो. चढ आणि उंची यांतील भेद ध्यानात न घेता निवड केली, तर तो दोन्ही खर्ची पडतो आणि अपेक्षित फळ हाती येत नाही.