पावसाची सरासरी व सालाचें स्थान

पावसाळा सरत आला म्हणजे "यंदा सरासरीच्या किती टक्के पाऊस झाला ?" हा प्रश्न गांवोगांवच्या चावडीवर निघतो. परंतु या एका आंकड्यावरून सालाची योग्यता कळत नाहीं, असें आमचें मत आहे.

समजा, एका कोरडवाहू गांवीं नऊ वर्षांचा पाऊस चढत्या क्रमानें असा आहे : ३१०, ३८०, ४२०, ४५०, ४८०, ५२०, ५६०, ७९० व ९५० मिलिमीटर. बेरीज ४८६०, म्हणून सरासरी ५४०. आतां पाहा, नऊपैकीं सहा वर्षें सरासरीच्या खालींच आहेत ! शेवटच्या दोन अतिवृष्टीच्या सालांनीं तिला वर ओढलें आहे. बरोबर मधला, पांचव्या स्थानचा आंकडा ४८०. यास मध्यगा म्हणतात.

४२० मिलिमीटरचें साल सरासरीहून शेंकडा २२ नें उणें. हवामान खात्याच्या वर्गवारींत शेंकडा २० ते ५९ तूट असली म्हणजे पाऊस 'अपुरा' गणतात. परंतु क्रम लावून पाहतां तितका किंवा त्याहून कमी पाऊस या गांवीं तीन वर्षांतून एकदां पडतो. कोंकणांत पाऊस अधिक भरवशाचा, म्हणून तेथें एवढी तूट त्या मानानें विरळ. टक्का एकच, पण सालाचें स्थान निराळें.

ऑस्ट्रेलियांतील गिब्ज व माहेर यांनीं १९६७ सालीं अवर्षण ओळखण्यासाठीं हीच स्थानाची रीत सुचविली. मागील सर्व वर्षें चढत्या क्रमानें लावून त्यांचे दहा समान भाग करावयाचे. या भागांच्या सीमांस दशमक म्हणतात. शंभर भाग केल्यास शततमक. सर्वांत खालच्या भागांत पडलेलें साल फारच कोरडें समजावें.

आमच्या बंधूंनीं जवळच्या पर्जन्यमापकाचे निदान तीस वर्षांचे आंकडे मिळवून वहींत उतरावे. नऊ वर्षें उदाहरणापुरतीं ठीक, निर्णयास अपुरीं. यंदाहून कमी पावसाचीं वर्षें किती, तें मोजावें. अशीं तीन वर्षेंही नसतील, तर यंदाचें साल खालच्या दहाव्या हिश्शांत पडलें. नऊ-दहा असतील, तर हें नेहमींचें ओढीचें साल. त्याची तजवीज आधींच हवी.

तेव्हां पिकाची निवड, वैरणीचा सांठा व कर्जाचा हप्ता सरासरीवर बेतूं नये. तीन वर्षांतून एकदां येणाऱ्या सालांत जें हातीं लागेल, त्यावर बेतावा. अधिक पिकलें तर तें गांठीस राहील.