एकच कोड तीन ॲप्सना लागतो, मग तो ठेवायचा कुठं?

सप्टेंबर २०२३ मध्ये गुगल क्रोमनं घाईघाईनं एक अपडेट आणलं. दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सनं आणलं. मग डेस्कटॉपवरच्या इतर ॲप्सची रांगच लागली. सगळ्यांचं दुखणं एकच होतं, लिबवेबपी नावाची गुगलची छोटीशी लायब्ररी. वेबपी हा फोटोचा एक प्रकार. व्हॉट्सॲपवरचे स्टिकर्स असतात ना, ते याच प्रकारातले. हा फोटो उलगडून दाखवणाऱ्या कोडमध्ये चूक सापडली होती. मुद्दाम तसा बनवलेला फोटो नुसता समोर आला, तरी हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळेल अशी.

आता तुम्ही म्हणाल, चूक एका ठिकाणची, मग अपडेट प्रत्येकानं वेगळं का काढलं? तर प्रत्येकानं त्या कोडची आपापली प्रत पोटात ठेवली होती. स्लॅक, डिस्कॉर्डसारखी डेस्कटॉप ॲप्स इलेक्ट्रॉनवर बनतात आणि इलेक्ट्रॉनच्या आत अख्खा क्रोमियम ब्राउझर असतो. म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर एकाच चुकीच्या चार-पाच प्रती.

वेगवेगळ्या कंपन्यांचं एकवेळ समजू शकतं. पण हाच घोळ एकाच टीममध्येही होतो, आणि त्याची सुरुवात फोल्डर कसे लावलेत इथून होते.

समजा, एका कंपनीची तीन ॲप्स आहेत. एक ग्राहकाचं, एक डिलिव्हरीवाल्याचं, एक ऑफिसातलं. तिन्हींना रक्कम आपल्या पद्धतीनं दाखवायची आहे, म्हणजे १,००,००० अशी. १००,००० अशी नाही. पहिल्या ॲपसाठी कुणीतरी दहा ओळी लिहिल्या. बाकी दोघांनी त्या कॉपी-पेस्ट केल्या. सहा महिन्यांनी कळतं, की रिफंडची उणे रक्कम आली की स्वल्पविराम भलतीकडेच पडतो. पहिल्या ॲपमध्ये दुरुस्ती होते. तीच चूक आणखी दोन ठिकाणी बसलीय, हे कुणाच्या गावीही नसतं.

यावरचा रुळलेला उपाय म्हणजे सगळं एकाच रेपॉझिटरीत ठेवायचं. याला मोनोरेपो म्हणतात. वर दोन फोल्डर, 'ॲप्स' आणि 'पॅकेजेस'. तिन्ही ॲप्स पहिल्यात, सामायिक कोड दुसऱ्यात. रकमेचा कोड स्वतंत्र पॅकेज होतो. त्याला स्वतःचं नाव, स्वतःच्या चाचण्या. जावास्क्रिप्टवाल्यांसाठी एनपीएमच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, यासाठी 'वर्कस्पेसेस'ची सोय आहे. ॲपला वाटतं पॅकेज बाहेरून इन्स्टॉल झालंय. प्रत्यक्षात तो शेजारच्या फोल्डरकडे जाणारा दुवा असतो. दुरुस्ती एकदाच करायची आणि तिन्ही ॲप्सच्या चाचण्या तिथल्या तिथं चालवायच्या. (लोकांच्या फोनवर पोचलेली ॲप्स मात्र नव्यानं बनवून पाठवावी लागतातच, त्यातून सुटका नाही.)

एक पथ्य पाळावं लागतं. ॲपनं पॅकेजकडून कोड घ्यायचा, पॅकेजनं ॲपकडून कधीच नाही. हे उलटं झालं, की रकमेच्या कोडला ग्राहकाच्या ॲपशिवाय चालताच येत नाही आणि तो सामायिक राहतच नाही.

सगळ्यात मोठा सापळा मात्र 'कॉमन' किंवा 'युटिल्स' नावाचा फोल्डर. घरातल्या माळ्यासारखं त्याचं होतं. कुठं ठेवावं सुचलं नाही, की टाक तिथं. मग तारखेची एक ओळ बदलली तरी सगळंच हलतं, कारण सगळेच त्याच्यावर उभे असतात. त्यापेक्षा 'रक्कम', 'तारीख', 'लॉगिन' अशी कामावरून नावं द्यावीत.

रिॲक्टच्या कोडमध्येही 'पॅकेजेस'च्या आत 'शेअर्ड' नावाचा फोल्डर आहे, पण तो वेगळा प्रसिद्ध होत नाही. बिल्ड करताना त्यातला हवा तो भाग प्रत्येक पॅकेजमध्ये मिसळला जातो. म्हणजे प्रती तिथंही होतात, फक्त त्या मशीन बनवतं आणि मूळ एकच राहतं.

गुगलनं हे टोकाला नेलंय. जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्या एकाच रेपॉझिटरीत सुमारे २ अब्ज ओळींचा कोड होता आणि तो सांभाळायला त्यांनी पायपर नावाची स्वतःची यंत्रणा उभी केली. तीन ॲप्सवाल्याला साधं गिट पुरतं. आणि दोनच ठिकाणी लागणाऱ्या, उद्या वेगवेगळ्या दिशांना जातील अशा चार ओळी असतील, तर त्या खुशाल कॉपी कराव्यात.