सदऱ्याचा रंग कोणाचा?



वसंत ऋतूत भरणाऱ्या या ज्ञानसत्रात आपण राज्यशास्त्र, वाङ्मय, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय ऐकत आला आहात. अशा ठिकाणी फुटबॉलपटूच्या जर्सीवर, म्हणजे त्याच्या साध्या सदऱ्यावर बोलायचे, ही काहींना चैन वाटेल. एखाद्या क्लबाने नवा सदरा काढला. तो कोणाला आवडला, कोणाला आवडला नाही. यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे? परंतु ज्या वस्तूवरून हजारो समंजस माणसे मोर्चे काढतात, ती वस्तू दिसते तितकी क्षुल्लक नसते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा सामना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तेथे अकरा खेळाडू धावत असतात, पण खेळत असते सारी पेठ. सदऱ्याच्या वादामागे असाच एक मोठा प्रश्न दडलेला आहे. संस्था कोणाची? तिच्यात पैसा घालणाऱ्याची, की पिढ्यान्‌पिढ्या तिला जीव लावणाऱ्याची?

प्रथम एक गोष्ट मान्य करू. या रंगांचा उगम मुळीच पवित्र नाही. मैदानावर आपला कोण आणि परका कोण हे ओळखू यावे, एवढ्याच सोयीसाठी रंगीत सदरे आले. इटलीतील युव्हेंटस हा विख्यात क्लब आरंभी गुलाबी सदरे घालून खेळत असे. ते धुऊन धुऊन विटले, तेव्हा १९०३ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमहून नवे सदरे मागवण्यात आले. आले ते नॉट्स काउंटी या क्लबाचे काळे-पांढरे पट्टे. आज तेच पट्टे युव्हेंटसची ओळख होऊन बसले आहेत. म्हणजे रंग येतो योगायोगाने. पण त्या रंगात माणसे जिंकतात, हरतात, म्हातारी होतात, आणि योगायोगाची परंपरा होते. आपल्या कुळाचारांचे तरी याहून वेगळे काय आहे?

नव्या सदऱ्याविषयी पाठीराखे जी मते देतात, ती वरवर पाहता एकसारखी वाटतात: 'छान आहे', 'भिकार आहे', 'जुनाच बरा होता'. थोडे खोल गेल्यास मात्र त्यांचे तीन थर दिसतात.

पहिला थर डोळ्यांचा. सदरा दिसतो कसा आणि मैदानावर उपयोगी पडतो का, एवढेच येथे पाहिले जाते. एप्रिल १९९६ मध्ये साउदॅम्प्टनच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडचा संघ करड्या सदऱ्यात उतरला आणि मध्यंतरापर्यंत तीन गोलांनी मागे पडला. प्रेक्षकांच्या गर्दीच्या पार्श्वभूमीवर आपलेच सहकारी नीट दिसत नाहीत, अशी खेळाडूंची तक्रार होती, असे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी नंतर सांगितले. मध्यंतरात सदरे बदलले. तरी सामना १–३ असा गमावला तो गमावलाच. लोक अजून त्या करड्या सदऱ्याची आठवण काढून हसतात. पण त्यावरून कोणाचे मन दुखावले नाही. या थरातील मते कडक असतात, पण पुढच्या हंगामापर्यंत विरून जातात.

दुसरा थर खिशाचा. पूर्वी संघाचा सदरा बाजारात विकण्यासाठी नसेच. १९७० नंतरच्या दशकात ॲडमिरल या इंग्लिश कंपनीने लीड्स युनायटेडसाठी खास सदरा बेतला आणि तसाच सदरा मुलांसाठी दुकानात आणला. तेव्हापासून सदरा हा व्यापाराचा माल झाला. माल खपवायचा तर तो बदलत राहिला पाहिजे. म्हणून दरवर्षी गळ्याची पट्टी बदलते, बाही बदलते, रेघ जाड किंवा बारीक होते. मुलाचा हट्ट पुरवणाऱ्या बापाचे मत येथे सौंदर्यावर नसते, किमतीवर असते. आणि ते निराधारही नसते. २००३ मध्ये ब्रिटनच्या व्यापार-नियामक खात्याने अशा सदऱ्यांच्या किमती संगनमताने चढ्या ठेवल्याबद्दल उत्पादक, दुकानदार आणि क्लब यांना मिळून सुमारे १ कोटी ८६ लाख पौंड दंड ठोठावला होता.

तिसरा थर मात्र वेगळा आहे. तो ओळखीचा थर. येथे सदरा बिघडला असे कोणी म्हणत नाही. 'हा आमचा नव्हे' असे म्हणतात. हे मत वर्ष लोटले तरी विरत नाही. याचे स्वच्छ उदाहरण वेल्सच्या राजधानीत घडले. ते थोडे विस्ताराने पाहू.

कार्डिफ सिटी हा क्लब १८९९ मध्ये एका क्रिकेट मंडळाच्या सभासदांनी स्थापन केला. त्याचा पहिला रंग चॉकलेटी आणि पिवळसर होता. १९१० च्या सुमारास निळा रंग रूढ झाला. १९११ मध्ये मॉरिस मेटरलिंक यांचे 'निळा पक्षी' हे नाटक शहरात आले आणि लोकांनी संघालाही 'निळे पक्षी' हेच नाव दिले. १९२७ मध्ये या संघाने वेम्बली येथे आर्सेनलला १–० असे हरवून एफ. ए. चषक वेल्समध्ये नेला. आजवर तो चषक इंग्लंडबाहेर गेला तो तेवढाच एकदा. निळ्या रंगाची पुण्याई ही अशी साठलेली होती.

२०१० मध्ये क्लबाची सूत्रे मलेशियातील उद्योगपती व्हिन्सेंट टॅन यांच्याकडे गेली. क्लब कर्जात होता. २०१२ च्या उन्हाळ्यात असे जाहीर झाले की, यापुढे संघ लाल सदऱ्यात खेळेल, बोधचिन्हावर मोठा लाल ड्रॅगन असेल, आणि निळा पक्षी खाली लहानसा राहील. आशियात लाल रंग शुभ मानतात, त्या बाजारपेठेत संघाचे नाव होईल, आणि बदलाबरोबर क्लबात मोठी गुंतवणूक केली जाईल, असे त्यामागचे गणित होते.

आता पाठीराख्यांची मते पाहा. ती एका बाजूची नव्हती. आणि या गोष्टीतली खरी वेदना तेथेच आहे. एक पक्ष म्हणाला, 'क्लब बुडाला तर निळा रंग काय उशाशी घेऊन बसायचा? देणी फिटू देत, संघ वर जाऊ दे. लाल तर लाल.' दुसरा पक्ष म्हणाला, 'ज्याला वाचवायचे तोच बदलून टाकल्यावर वाचले कोण?' घरात बाप-लेकांचे पटेना, मैदानात शेजारी बसणाऱ्यांचे पटेना. पहिल्या पक्षाला स्वार्थी म्हणून हिणवणे सोपे आहे. पण कर्जाचा डोंगर पाहिलेल्या माणसाचे ते शहाणपण होते. दुसऱ्याला हट्टी म्हणणेही तितकेच सोपे आहे. पण त्याच्या मनातला प्रश्न हिशेबाच्या वहीत मांडता येणारा नव्हता.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. वेल्सच्या लोकांना लाल रंगाचे वावडे नाही. त्यांच्या ध्वजावर लाल ड्रॅगनच आहे आणि त्यांचा राष्ट्रीय संघ लाल सदऱ्यातच खेळतो. जो माणूस वेल्ससाठी अभिमानाने लाल सदरा घालत होता, तोच कार्डिफसाठी तो घालण्यास नकार देत होता. तेव्हा वाद लाल की निळा, हा नव्हताच. रंग कोणी, कोणाला विचारून बदलला, हा होता.

पुढे काय झाले? लाल सदऱ्यातल्या पहिल्याच हंगामात संघाने दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळवले आणि ५१ वर्षांनी तो २०१३ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली ते पदरात पडले, पण परक्या कपड्यात. अनेकांनी आनंद केला. कित्येकांनी निळे सदरे घालूनच आनंद केला. २०१४ मध्ये संघ पुन्हा खाली घसरला. निळ्या रंगाच्या मागणीसाठी मोर्चा निघाला होता, ती मागणी थांबली नाही. अखेर ९ जानेवारी २०१५ रोजी टॅन यांनी निळा रंग परत दिला आणि दुसऱ्याच दिवशी संघ निळ्या सदऱ्यात उतरला. बौद्ध धर्मावर निष्ठा असलेल्या आपल्या आईने ऐक्य आणि समाधान यांचे मोल समजावले, असे त्यांनी या निर्णयाचे कारण सांगितले. बाजारपेठेच्या गणिताला जे उमगले नाही, ते एका वृद्ध मातेला उमगले होते.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, पाठीराखे म्हणजे जात्याच सनातनी; त्यांना कोणताच बदल नको असतो. इतिहास तसे सांगत नाही. १९६१ मध्ये डॉन रेव्ही यांनी लीड्स युनायटेडचा निळा-पिवळा रंग सोडून, रिआल माद्रिदचा आदर्श समोर ठेवून, संघाला शुभ्र पांढरा पोशाख दिला. आज लीड्सचे लोक त्या पांढऱ्यासाठीच भांडतील. १९६४ मध्ये बिल शँक्ली यांनी लिव्हरपूलच्या लाल सदऱ्याला लाल विजार आणि लाल मोजे जोडून संघ नखशिखांत लाल केला. तो बदल लोकांनी डोक्यावर घेतला. मग हे बदल पचले आणि कार्डिफचा का पचला नाही? रेव्ही आणि शँक्ली हे संघाचे शिक्षक होते. त्यांनी रंग बदलला तो संघाच्या मनात महत्त्वाकांक्षा पेरण्यासाठी. आणि शँक्लींनी तर होता तोच रंग अधिक गडद केला. कार्डिफमध्ये बदल झाला तो जे लोक तेथे नव्हते त्यांच्यासाठी. दूरच्या गिऱ्हाइकाला आवडावे म्हणून घरच्या माणसाला कपडे बदलायला लावले, हे त्याला सोसले नाही.

आणि मालकाने ऐकलेच नाही तर? ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग शहरात १९३३ पासूनचा एक क्लब होता. त्याचा रंग जांभळा-पांढरा. २००५ मध्ये रेड बुल या पेय-कंपनीने तो घेतला, नाव बदलले आणि रंग लाल-पांढरा केला. जुना रंग गोलरक्षकाच्या मोज्यांवर ठेवण्याची तयारी दाखवण्यात आली होती, असे सांगतात. पाठीराख्यांपैकी अनेकांनी ती तडजोड नाकारली, जुन्या नावाचा आणि जांभळ्या रंगाचा नवा क्लब काढला आणि सातव्या श्रेणीपासून खेळायला प्रारंभ केला. रेड बुलच्या संघाने पुढे विजेतेपदांची रास लावली. तरीही ही माणसे लहान मैदानांवर, जांभळ्या सदऱ्यात, आपल्याच संघाला टाळ्या वाजवीत राहिली. यशापेक्षा आपलेपण त्यांना मोठे वाटले.

आपल्या देशातही असाच प्रसंग आला. कोलकात्याचा मोहन बागान क्लब १८८९ चा. १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला हरवून त्याने आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानची मान उंचावली. २०२० मध्ये त्याचा फुटबॉल विभाग एटीके या नव्या व्यावसायिक संघाशी जोडला गेला. मालकांनी हिरवा-मरून सदरा शहाणपणाने तसाच ठेवला; पण नावापुढे एटीके ही अक्षरे लावली. पाठीराख्यांनी तीन वर्षे त्या अक्षरांविरुद्ध आवाज उठवला. मार्च २०२३ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर संघाने इंडियन सुपर लीग जिंकली आणि त्याच रात्री मालकांनी ती अक्षरे काढल्याची घोषणा केली.

जुन्या महाराष्ट्रात गावच्या जमिनीवर दोन प्रकारची कुळे असत: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. तो दुष्काळात गाव सोडून गेला तरी परत येऊन आपली जमीन मागू शकत असे. उपरी येई, कसे आणि निघून जाई. फुटबॉलच्या क्लबात कागदोपत्री मालक असतो तो वस्तुतः उपरी आहे. आज मलेशियाचा, उद्या आणखी कुठला. मिरासदार आहेत ते प्रेक्षक. ते क्लब विकू शकत नाहीत, आणि सोडूही शकत नाहीत. म्हणून मालकाला सदरा शिवण्याचा अधिकार असावा, पण रंग ही त्याच्याकडे सोपवलेली ठेव आहे, असे मानणे न्यायाचे होईल.

हा विचार आता केवळ भावनेचा राहिलेला नाही. ब्रिटनच्या संसदेने जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराविषयी कायदा संमत केला. बोधचिन्हात किंवा घरच्या सदऱ्याच्या मुख्य रंगात मोठा बदल करायचा असेल, तर इंग्लंड-वेल्समधील बहुसंख्य पाठीराखे त्याला अनुकूल आहेत की नाही, याची क्लबाने आधी खात्री करून घेतली पाहिजे, असे त्यात घातले आहे. गळ्याची पट्टी कशी असावी, रेघ किती जाड असावी, यात कायदा पडत नाही. ते शिंप्याचे काम, आणि त्यावर तावातावाने वाद घालणे हा प्रेक्षकांचा आनंद आहे, तो त्यांना लखलाभ असो. कायद्याने तिसऱ्या थराला तेवढा हात घातला, आणि तोही पाठीराख्यांना विचारा, एवढेच सांगण्यासाठी.

आपल्या गावातही शाळा आहेत, वाचनालये आहेत, तालमी आहेत. त्यांना नवे देणगीदार मिळतील, नवी नावे सुचवली जातील. तेव्हा बदल चांगला की वाईट, याची चर्चा अवश्य करावी. पण तिच्याआधी ज्यांनी ती संस्था सांभाळली त्यांना विचारले होते का, हे पाहावे.