प्रकाशाच्या अभियंत्यांची शाळा

जर्मनीतल्या येना शहरात भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांच्या स्मारकावर एक समीकरण कोरलेलं आहे. सूक्ष्मदर्शक कितीही उत्तम घडवला, तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू त्यातून वेगळे दिसणार नाहीत, असं ते सांगतं. ही मर्यादा आबेंनी 1873 मध्ये मांडली. ती ओलांडण्याची वाट शोधल्याबद्दल श्टेफान हेल यांना 2014 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे एका शतकाहून अधिक काळ हे समीकरण सूक्ष्मदर्शनाची वेस होऊन राहिलं होतं.

कार्ल त्साइस यांनी 1846 मध्ये येनात कार्यशाळा काढली, तेव्हा भिंगं अनुभवी कारागीर हाताच्या अंदाजानं जुळवत. त्साइसना गणित हवं होतं. 1866 मध्ये त्यांनी विद्यापीठातल्या तरुण आबेंना सोबत घेतलं. गणित तयार झालं, तर हवी तशी काच मिळेना. मग रसायनशास्त्रज्ञ ओटो शॉट आले आणि 1884 मध्ये काचेची प्रयोगशाळा उभी राहिली. कारागीर, भौतिकशास्त्रज्ञ आणि काचेचा जाणकार अशी ही मांडणी होती. आबेंचे वडील सूतगिरणीत रोज चौदा ते सोळा तास राबत. मुलानं पुढे 1900 मध्ये त्साइसच्या कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. मला या माणसाबद्दल त्याच्या समीकरणाइतकाच आदर याही निर्णयासाठी वाटतो.

आज त्यांच्याच नावाचं आबे स्कूल ऑफ फोटॉनिक्स येनाच्या फ्रीडरिख शिलर विद्यापीठात आहे. तिथला फोटॉनिक्सचा, म्हणजे प्रकाशतंत्रज्ञानाचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा आणि इंग्रजीतून आहे. भिंगांची रचना, लेसर, प्रकाशतंतू, अर्धवाहकांतून प्रकाश निर्माण करणं, मोजमाप हे विषय आधी होतात. शेवटचं सत्र प्रबंधाचं. भौतिकशास्त्राचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर एकाच वर्गात येतात. एकाला क्वांटम सिद्धान्त येतो पण सर्किट जुळवता येत नाही, दुसऱ्याचं नेमकं उलट. पहिले काही महिने दोघांनाही जड जातात.

या पदवीची खरी किंमत प्रयोगशाळेत कळते. साधी वाटणारी गोष्ट घ्या: लेसरचा किरण प्रकाशतंतूत शिरवायचा. एकपथी तंतूचा गाभा असतो सुमारे 9 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा. दूरसंचारासाठी वापरली जाणारी 1550 नॅनोमीटरची तरंगलांबी डोळ्यांना दिसतच नाही. विद्यार्थी दोन आरशांचे स्क्रू आळीपाळीनं फिरवतो, नजर शक्तिमापकावर. एका आरशानं किरणाची जागा सरकते, दुसऱ्यानं कोन. बराच वेळ आकडा हलत नाही. मग किंचित हलतो, वाढतो, आणि एका ठिकाणी अडतो. तिथे समाधान मानलं तर फसगत होते, कारण ते शिखर खोटं असतं. आकडा मुद्दाम खाली उतरवून दुसऱ्या बाजूनं पुन्हा चढावं लागतं. हे पुस्तकातून येत नाही. शक्तिशाली लेसरजवळ जाण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं, चष्मा लावायचा, डोळे किरणाच्या पातळीवर कधीही न्यायचे नाहीत, हेही इथेच अंगवळणी पडतं.

एवढ्या कसरतीचं कारणही मोठं आहे. 1966 मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश तिच्यातून दूरवर जाईल. उद्दिष्ट होतं दर किलोमीटरला 20 डेसिबलहून कमी घट. कॉर्निंग कंपनीनं ते 1970 मध्ये गाठलं. आता घट 0.2 डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे 50 किलोमीटरनंतरही दहावा हिस्सा प्रकाश शिल्लक राहतो. आपले फोन आणि बँका या तंतूंच्या भरवशावर चालतात. प्रकाशाचं असंच दुसरं मोठं काम चिपांचं: प्रगत चिपा छापणाऱ्या यंत्रांत वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे पन्नास हजार वेळा लेसर मारून 13.5 नॅनोमीटरचा प्रकाश निर्माण करतात. या कामासाठी 2020 चा जर्मन भविष्य पुरस्कार मिळाला, तेव्हा त्साइस आणि ट्रुम्फ या कंपन्यांबरोबर येनाच्या फ्राउनहोफर संस्थेचाही त्यात वाटा होता.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. जर्मन व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या राहण्या-जेवणाचे पैसे गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो आहे. भारतातल्या पदवीची छाननी करणारं एपीएस प्रमाणपत्रही लागतं; त्याचा अर्ज लवकर करावा. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिने राहता येतं.

परदेशच गाठायला हवा असं मात्र नाही. कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात इंटरनॅशनल स्कूल ऑफ फोटॉनिक्स 1995 पासून आहे. आयआयटी दिल्लीत ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स आणि प्रकाशीय दूरसंचाराचं एम.टेक. आहे. गेट या प्रवेश परीक्षेतून तिथे प्रवेश घेणाऱ्याला महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं.

कामही जवळच आहे. छत्रपती संभाजीनगरात प्रकाशतंतू तयार होतात. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत तीस अँटेनांचे संकेत तंतूंतूनच मध्यवर्ती इमारतीत येतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या असतील आणि त्यांतून लेसर धावेल. तिला आरसे जुळवणारे हात लागतील.

म्हणून भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: प्रवेश घेण्याआधी संस्थेचं नाव आणि क्रमवारी बाजूला ठेवा. आठवड्याला किती तास प्रयोगशाळेत काढायला मिळतात, गेल्या दोन-तीन वर्षांतले प्रबंध कोणत्या विषयांवर होते आणि ते विद्यार्थी आज कुठे काम करतात, हे तिथल्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून विचारा. उत्तरं समाधानकारक असतील तरच अर्ज भरा.